पिग्मीवाली आली नाही

१८ मार्च, मंगळवार. शाखा उघडायला थोडा वेळ होता आणि मी तिजोरीच्या बिजागऱ्यांना तेल देत होते. हे काम मी शिपायाला सांगत नाही. हात तेलकट असतानाच चेअरमन साहेबांचा फोन आला.

बीडच्या बाजारातली एक मल्टिस्टेट आदल्या संध्याकाळी बंद झाली होती. मल्टिस्टेट म्हणजे एकाहून जास्त राज्यांत ठेवी गोळा करणारी पतसंस्था. मी जिथे मॅनेजर आहे ती पतसंस्था लहान, याच जिल्ह्यापुरती. पण बाजारात हा फरक कुणी करत नाही. एकाचं शटर पडलं की लोक सगळ्यांच्या शटरकडे बघायला लागतात.

साहेब म्हणाले, त्या मल्टिस्टेटचा पिग्मी एजंट रात्री बसस्टँडवर सापडला आणि लोकांनी त्याला घेरलं. आपले एजंट आज बाहेर काढू नका.

पिग्मी म्हणजे रोजची बचत. एजंट गाड्यावर, टपरीवर येतो, पन्नास-शंभर घेतो, हातातल्या मशीनमधून पावती काढून देतो. बँकेचं कुणी असं येत नाही. बँकेत जायचं तर अर्धा दिवस गाडा बंद. फळबाजारातले बहुतेक लोक आमच्याकडे आले ते याच कारणाने. जास्त व्याज सगळेच देतात म्हणतात.

साहेबांचं म्हणणं मला पटलं. फळबाजार आमची एजंट शबाना हिच्याकडे होता. मी तिला फोन करून घरीच थांब म्हणाले. तीच फोन करणार होती, असं ती म्हणाली.

अकराच्या सुमारास फळबाजारातले दोघं ठेव मोडायला आले. मग पाच-सहा. दुपारी रांग जिन्यावर गेली. सगळ्यांना एकच हवं होतं: ठेव आजच मोडा.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ठेवीदारांचा पैसा तिजोरीत बसून नसतो. मोठा भाग कर्जाने दिलेला असतो, काही बँकेत असतो. शाखेत रोजच्या कामापुरती रोकड. ती संपत आली, तसं मी कॅशियर सोनवणेंना बँकेत पाठवलं. बराच वेळ झाला, ते येईनात. फोन केला तर म्हणाले, बँकेतले सही करणारे साहेब जेवायला गेलेत.

मी काउंटरवर उभी राहून अर्ज घेत होते. आवाज स्थिर ठेवायचा, हात सावकाश चालवायचे. रांगेतल्या एकाला तेलाचा वास आला. तो म्हणाला, "मॅडम, तिजोरीला तेल घातलं का? रात्री आवाज येऊ नये म्हून?" सगळे हसले. मीही हसले.

मग रफीकभाईंचा नंबर आला. हे बागवान, फळबाजारात गाडा. दरवर्षी लिंबागणेशच्या बाजूला आंब्याची एक बाग घेतात. म्हणजे झाडावरचाच माल आधी विकत घ्यायचा आणि मालकाला इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायची. यंदाचा इसार ईदनंतर द्यायचा होता आणि तो पैसा आमच्याकडे ठेवलेला होता. तो अडकला तर बाग दुसरा घेणार, आणि त्यांचा हंगाम संपला. रोजा होता, ओठ सुकलेले होते.

"रफीकभाई, तुम्हीसुद्धा?"

"पिग्मीवाली आली न्हाई, मॅडम."

"आज तिला सुट्टी दिली."

"सुट्टी? ईदला बी येती ती, शीरखुर्मा पिऊन जाती. त्या मल्टिस्टेटवाल्याचं पोरगं बी असंच यायचं बंद झालतं. मग चार दिसांनी शटर पडलं."

तेव्हा लक्षात आलं. एजंट वाचवायला आम्ही जे केलं, त्याचा बाजारात एकच अर्थ होता.

रफीकभाई काउंटरवर वाकले. "एक खरं सांगा. तुमचं बुडालं तर सरकार भरून देतं का?"

सोनवणेंचा पत्ता नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो नसतो. आमची कर्जं वसूल होतात तोवर तुमचा पैसा नीट आहे. आज होतायत."

मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या. बाई सोताच सांगायली."

"मग ठेवू कावून?" रफीकभाई म्हणाले.

"सगळा ठेवू नका. इसाराचा बँकेत टाका. पिग्मी चालू राहिली तर सीझनला तिच्यावर कर्ज मी देईन. बँक तुमचा गाडा बघून देणार नाही. हे दोन्ही खरं आहे. ठरवा तुम्ही."

मागचे ढकलायला लागले.

"इसाराचे द्या," ते म्हणाले. "पिग्मी ऱ्हाऊ द्या. पण शबाना आली तरच."

थोड्या वेळाने सोनवणे बॅग घेऊन आले. रफीकभाईंपासून सुरुवात केली. त्यांच्यामागच्या काहींनी अर्धी ठेव काढली, बऱ्याच जणांनी सगळी. कुणालाही उद्या या म्हटलं नाही. इफ्तारच्या आधी जिना रिकामा झाला.

मी साहेबांना फोन केला. उद्यापासून पिग्मी सुरू करते म्हणाले.

"उद्या कोण पैसे देणार आहे?"

"कुणी नाही दिले तरी चालेल. एजंट दिसायला पाहिजे."

शबाना फोनवर म्हणाली, एकटी जाणार न्हाई, आमचे हे सोडणार न्हाईत. तिचं बरोबर होतं.

पतसंस्था निवडताना लोक व्याजाचा दर विचारतात. आधी विमा विचारावा. नाही असं उत्तर आलं, तर किती बुडालेलं आपल्याला सोसेल ते पाहावं आणि तेवढंच ठेवावं. हे मी आता प्रत्येक नव्या ठेवीदाराला सांगते. साहेबांना ते आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शबानाबरोबर फळबाजारात गेले. पहिल्या दोन-तीन गाड्यांवर कुणी वर बघितलं नाही. रफीकभाईंनी रोजच्या दोनशेऐवजी पन्नास काढून दिले, पावती उन्हात धरून नीट वाचली आणि शेजारच्या गाडेवाल्याला म्हणाले, "आली बे. काढ."