उघड्या दाराची वॉर्निंग

ऑक्टोबरचं ऊन सकाळीच घामटं काढत होतं. परळच्या ऑफिसात मालन आल्या आल्या कामाला बसली. लिफ्ट चालवणारा जुना, अगडबंब, सी भाषेतला कोड फोडून त्याचे लहान तुकडे करायचे होते. घोडपदेवची ही पोर गिरणी संपाच्या वर्षी जन्मलेली. बाप रघु गिरणीत साचेखात्यातला, मागावरचा. गिरणी गेली, आता परळातल्याच एका टॉवरात लिफ्टमन. लिफ्ट मालनच्याच कंपनीची.

कोड न चालवता, नुसता वाचून चुका पकडणारं टूल ऑफिसात होतं. पण पहिल्याच दिवशी त्याने हजारो वॉर्निंग ओकल्या, म्हणून टीमने जुन्या सगळ्या झाकून टाकल्या. दिसायच्या त्या फक्त नव्या फायलींच्या. आज मालनने दाराचा कोड नव्या फायलीत हलवला आणि एक ओळ वर आली: ही अट कधीच खरी होणार नाही.

"जुनंच भुंकणं असेल गं, दाबून टाक," टीम लीड हेरंब म्हणाला. "शुक्रवारी द्यायचंय."

मालनने अट वाचली. दार उघडं तर शून्य, बंद तर एक, दाराच्या सेन्सरची वायर तुटली तर उणे एक. उणे दिसलं की लिफ्ट थांबवायची. पण आकडा ठेवला होता उणे मावतच नाही अशा जागेत. तिथे उणे एकचे दोनशे पंचावन्न होत. आणि शून्य नाही म्हणजे दार बंदच, असं कोड धरून चाले.

"हेरंब, वायर तुटली तर लिफ्ट उघड्या दाराने सुटेल!"

हेरंब चहा ठेवून तिच्या स्क्रीनशी आला.

तिने बापाला फोन लावला. "बाबा, दार उघडं असताना लिफ्ट सुटते का?"

"सुटता ना. गणपतीपासना," रघु सहज म्हणाला. "मी आडवो पाय घालून उभो ऱ्हवतंय. पोरांका पाठी ठेवतंय."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"बोलून? म्हणतले, म्हातारो कटकट करता, काढा ह्येका. एकदा गिरणीचा गेट बंद झालेला बघलंय मी. पुरे."

"आत्ताच्या आत्ता बंद करा ती."

"अगो, सोळाव्या माळ्याची बाय बोंबलात..."

"बाबा!"

ऑफिसातल्या माना वळल्या. पलीकडे स्विचचा खटका पडला. लगेच कोणीतरी खेकसलं, "ए लिफ्टमन, बंद क्यों किया?"

"मेरी लडकी बोली," रघुचा आवाज. "वो बनाती है."

फोन कटला. हेरंब सर्व्हिसवाल्यांना ओरडून सांगत होता, सगळ्या बिल्डिंगांतल्या थांबवा, सगळ्या. मालनने उणे मावेल अशी जागा केली, टूल परत चालवलं. ओळ गेली. मग तिने झाकलेल्या जुन्या वॉर्निंग उघडल्या. पहिलीच: न वापरलेलं व्हेरिएबल. ते पुसलं आणि दुसरी वाचायला घेतली.