चंद्रावतीचा संशय

चंद्रावतीला कुणाचाच भरवसा नव्हता. वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळा बसला तरी तो कुणी पाठवला, असा तिला प्रश्न पडे. गंजाडच्या बाजारात गिऱ्हाईक गोड बोललं की ती लगेच भाव चढवी. नवरा दर्यावर गेला की डहाणूच्या किनाऱ्यावरचं तिचं घर या संशयावरच चाले.

पण एक संशय तिनं उरात दडवून ठेवला होता. एकोणसाठ साली तिचा थोरला मुलगा गणू भरदुपारी होडी वाळूवर ओढताना कोसळला, तो उठलाच नाही. ऐन विशीतला पोर. त्याआधी तो धाकट्या जावेकडे, मालूकडे, चहा पिऊन आला होता. चंद्रावतीनं तेवढंच धरून ठेवलं. मालूला मूल नाही, तिची नजर पोरावर, चहात काहीतरी घातलं असणार. एका अंगणात राहून तिनं पाच वर्षं जावेच्या हातचं पाणी घेतलं नाही.

चौसष्ट साली धाकटा मुलगा मोरूही होडीचा दोर ओढतानाच पडला. पण थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले.

"काय खाल्लंस? कुणाकडं गेलतास?"

"कुठं नाय गं आये. घरचंच जेवलो."

 जेवण तर चंद्रावतीच्याच हातचं होतं.

तिनं त्याला गावातल्या नव्या डॉक्टरकडे नेलं. न बोलावता मालूही मागून आली आणि दारात उभी राहिली.

"घरात यापूर्वी कुणी असं अचानक गेलंय? तरुणपणी?" डॉक्टरनं विचारलं.

हा दवाखाना की चौकी, चंद्रावतीला वाटलं. शिवाय आजाऱ्याच्या उशाशी मेलेल्याचं नाव काढायचं नाही, अशी तिच्या घरची रीत. नाव काढलं की तो सोबतीला बोलावतो.

"कुणी नाय. अशक्त झालाय पोरगा. सुई द्या."

डॉक्टर सुई भरायला वळला.

"खोटं बोलते ती," मालू म्हणाली. "गणू असाच गेला, दोर ओढताना. हिचा भाऊ गुडघाभर पाण्यात जाळं खेचताना गेला."

"तुझी जीभ झडो गो! पोराच्या उशाशी मढी मोजतेस?"

"मोजते. चेटकीण तर तू मला समजतेसच. पण मोरू माझ्याही मांडीवर वाढलाय."

डॉक्टरनं सुई खाली ठेवली. मोरूला उकिडवं बसवलं, चटकन उभं केलं आणि छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. उभं राहिलं की ठोक्यामागे एक खरखर वाढत होती. त्यानं त्यांना मुंबईला पाठवलं. तिथं हृदयाचा आलेख काढून मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "हृदयाचा स्नायू जाड आहे. जोर लावला की ठोका बिघडून एकदम थांबू शकतो. ओढाओढ, धावपळ, कुस्ती बंद. हे रक्तातून येतं, बहुधा आईच्या बाजूनं."

चंद्रावतीला मुंबईच्या डॉक्टरांचाही भरवसा नव्हता. पण दोराचा त्याहून कमी होता.

मोरूला मात्र पटेना. "मी काय बायकांसारखा बोंबील वाळवत बसू?"

एक दिवस वारा उठला. होड्या वर घ्यायची घाई झाली आणि माणसं कमी पडली.

"मोरू, ये रे! का आयेच्या पदराला बांधलाय तुला?" दोरावरून कुणीतरी हाक दिली.

मोरू ताडकन उठला. पण चंद्रावती त्याच्या आधी पोचली आणि तिनं त्याच्या जागचा दोर पकडला. बाईनं होडीच्या दोराला हात लावायचा नाही, हे किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही जाणत होतं.

"काकी, सोड! होडी बाटवशील!" दोरावरचा एक जण ओरडला.

"बाटू दे. ह्याच्या जागी मी ओढते."

तेवढ्यात मागून धावत आलेल्या मालूनं तिचं मनगट धरलं. "येडी काय तू, वैनी? तुझ्याच बाजूचं ना ते दुखणं? तू पण पडशील. आण इकडं."

चंद्रावतीनं जावेकडे रोखून पाहिलं. त्या तोंडावर काही लपवलेलं दिसतंय का, ते ती शोधत राहिली. मग तिनं मुठी सैल केल्या आणि दोर मालूच्या हातात दिला.