नऊ दातांची चकरी

संयुक्त महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. धाड गावात तुळशीरामचा लेथचा लहानसा कारखाना होता. पंपाचे, इंजिनाचे मोडके भाग घेऊन माणसं त्याच्याकडे येत. त्याची बायको मंजुळाबाई दोन्ही पायांनी अधू होती. लहान मुलांची झबली-टोपडी ती फार सुबक शिवायची. पण ती विकायला आठवडी बाजारात जायचं, तर दिराची बैलगाडी मोकळी असावी लागे, आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत ती कधीच मोकळी नसे.

तुळशीरामने तिला हाताने फिरवायची, सायकलच्या चेनवर चालणारी तीनचाकी करून दिली. सपाटीवर ती छान पळे. बाजाराआधीच्या चढावर मात्र मंजुळाबाईचे हात थकत आणि कुणाला तरी मागून ढकलावं लागे.

“लोकायनं ढकलाचं असन, त बैलगाडी काय वाईट होती?” ती म्हणाली.

चाकाची दातेरी चकरी अठरा दातांची होती, हातापाशीही तेवढ्याच दातांची. हातापाशी नऊ दातांची बसवली, तर हाताचे दोन फेरे झाल्यावर चाकाचा एक होणार. गाडी हळू जाईल, पण चढेल. इतकी लहान चकरी दुकानात मिळेना, तेव्हा ती घरीच करायची ठरली. नुसती सपाट चकरी दांड्यावर डुलते. दांड्याला घट्ट धरणारा जाड गळा दोन्ही बाजूंनी ठेवायला तिथे जागा नव्हती, आणि वेगळा गळा बोल्टांनी जोडायची तऱ्हा मोठ्या चकऱ्यांची. म्हणून त्याने एकाच बाजूला गळा ठेवला.

सायकलच्या चेनची कडी अर्ध्या इंचाची. नऊ कड्यांचे साडेचार इंच. हाच घेर धरून त्याने व्यास काढला आणि वर्तुळ आखलं. कंपास अर्धा इंच उघडून घेरावर फिरवला, तर शेवटचं पाऊल पहिल्या खुणेच्या पुढे पडलं. कंपास हलला असेल, असं मनाशी म्हणत त्याने कंपासचे पाय किंचित जवळ घेतले आणि नऊ खुणा बसवून टाकल्या. तिथे कड्यांच्या सांध्यातले गोल रोलर बसतील अशी भोकं पाडली, कानशीने मधले दात काढले.

चकरी बसवून ते बाजाराला निघाले, तर अर्ध्या चढावर चेन दातांवर चढली आणि सटकली. गाडी मागे येऊ लागली. तुळशीराम मागेच होता, त्याने ती धरली.

“मले परत घरीच नेऊन राह्यले काय?” मंजुळाबाई म्हणाली.

घरी आल्यावर त्याने चेन चकरीवर ठेवून पाहिली. चेन गोल वळतच नव्हती. एका दातापासून दुसऱ्यापर्यंत कडी सरळच जात होती. म्हणजे चेनच्या दृष्टीने चकरी नऊ बाजूंची. वर्तुळ त्या नऊ कोपऱ्यांतून जायला हवं, म्हणून ते थोडं मोठंच लागणार. कंपास हलला नव्हता.

त्याने पत्र्यावर सगळं दहापट मोठं आखलं. पूर्ण फेऱ्याचा नववा हिस्सा चाळीस अंश. तेवढ्या कोनाच्या दोन सारख्या भुजा, त्यांच्या टोकांत पाच इंच, म्हणजे दहापट कडीएवढं अंतर. भुजा, म्हणजेच त्रिज्या, सात इंचांहून थोडी जास्त भरली. तिची दुप्पट करून दहावा भाग घेतला, तेव्हा व्यास दीड इंचाच्या किंचित आत आला. आधीच्याहून नखाच्या जाडीएवढा मोठा. त्यातून चेनच्या रोलरची जाडी वजा केली की दातांच्या बुडाचं वर्तुळ. दातांच्या टोकांचा व्यास पावणेदोन इंचांच्या आत ठेवला. या वेळी कंपासचं नववं पाऊल बरोबर पहिल्या खुणेवर पडलं.

पुढच्या बाजाराला गाडीला नवी चकरी होती, आणि तो चढावर नुसता बाजूने चालला. वर पोचल्यावर मंजुळाबाईने चादर अंथरून झबली मांडली. तो अजून चेनकडेच वाकून पाहत होता.

“तुमी जा आता.”

“बसतो ना घडीभर.”

“तुमी बसले, त बाया झबल्याले हात लावत नाहीत. गाडी मी आणतो घरी.”

तो निघाला. उतार लागण्याआधी त्याने वळून पाहिलं. एक बाई झबलं उलटं करून शिवण तपासत होती, आणि मंजुळाबाई तिच्यापुढे दुसरं उलगडत होती.