नानांची दहा तारीख

ते पत्र मीच टाइप केलं होतं, एका बैठकीत, एकही चूक न करता. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावच्या एका पाइप कंपनीत, शेअर विभागात मी कारकून होते. आमच्या एका संचालकांना शिपायापासून सगळे नाना म्हणायचे. त्यांनी ब्रोकरला लिहून दिलं: पुढची तीन वर्षं दर महिन्याच्या दहा तारखेला माझ्या नावावर आपल्याच कंपनीचे शंभर शेअर घ्यायचे. भाव वर असो की खाली. मला विचारायचं नाही, आणि मी मध्येच थांबवा म्हणालो तरी थांबवायचं नाही.

"असं कोण लिहून देतं, नाना?" मी विचारलं. माझं तोंड तेव्हाही गप्प बसायचं नाही.

"ताई, मी मीटिंगमध्ये बसतो. गावाला आठ दिवसांनी कळतं ते मला आज कळतं. उद्या कुणी म्हणायला नको, की नानांनी बातमी बघून शेअर उचलले. म्हणून आधीच हात बांधून घेतो."

पटलं मला. माणूस सरळ होता, हे आजही म्हणेन.

पण गावाला त्या पत्राशी काय देणंघेणं! दहा तारखेला ब्रोकरच्या माणसाने मुंबईला फोन लावला की दुपारपर्यंत डाळ मिलपासून सराफ बाजारापर्यंत बोभाटा: नानांनी घेतले! आमच्याकडे कापूसही असाच विकतात. सगळ्यांची नजर गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या अंगणावर. त्याची गाडी जिनिंगकडे निघाली की बाकीचे आपापल्या गाड्या भरतात, भाव कुणी विचारत नाही. शेअरचंही लोकांनी तेच केलं. अहो, ते आधीचं ठरलेलं आहे, असं मी चार जणांना सांगून पाहिलं. "तुम्ही कारकून माणूस, तुम्हाला काय कळतं," असं एकाने तोंडावर ऐकवलं. मेल्याला नुकताच चहा पाजला होता मी.

माझे वडील, आबा, धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सगळा जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत गेला. फंडाचे पैसे आले होते आणि त्यातून एक प्लॉट घ्यायचा होता, पण थोडे कमी पडत होते. आमची कंपनी नरडाण्याला नवा कारखाना टाकणार, ही बातमी तेव्हा धुळ्यात ज्याच्या त्याच्या तोंडी. कारखाना आला की शेअर दुप्पट, आणि मग प्लॉटवर दोन खोल्या स्वतःच्या, असं आबांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

अशातच एका महिन्याच्या आठ तारखेला संचालकांची मीटिंग झाली. नरडाण्याचा कारखाना रद्द. इतिवृत्त टाइप करायला माझ्याकडेच आलं. जाहीर व्हायचं होतं पंधरा तारखेला. तोवर बाहेर एक शब्द नाही, आणि तशी सही मी नोकरीला लागतानाच देऊन बसले होते.

दहा तारखेला ब्रोकरने ठरल्याप्रमाणे शंभर शेअर घेतले. मी नानांच्या केबिनमध्ये गेले. "नाना, या वेळी तरी थांबवायचं होतं. लोक तुमच्याकडे बघून घेतात."

"थांबवलं असतं तर त्यातूनच कळलं असतं ना लोकांना," ते म्हणाले. "आणि पत्र तूच टाइप केलंस."

अकरा तारखेला सकाळच्या एसटीने आबा ऑफिसात हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशात चेकबुक. "काल नानांनी लिधा ना? मंग माले काय भ्याव शे!"

"आबा, ते बातमी बघून घेत नाहीत. तीन वर्षांचं आधीच लिहून दिलंय त्यांनी."

आबा उलट खूश झाले. "बठ्ठं आधीच लिखी दिधं? मंग तर पक्का माणूस शे!"

घेऊ नका, एवढे दोन शब्द जिभेवर होते. आणि मी हसत होते. चहा मागवला, पोह्यांचं विचारलं. शेवटी एवढंच म्हणाले, "आधी प्लॉटचं बघा ना, आबा." प्लॉट कुठे पळून जातोय, म्हणत ते उठले. मी त्यांना रिक्षाने ब्रोकरच्या दारापर्यंत सोडलं. मी स्वतः सोडलं.

पंधरा तारखेनंतर भाव कोसळला आणि पुन्हा वर आलाच नाही. प्लॉट दुसऱ्या कुणी घेतला. नानांचंही नुकसान झालं, पण त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला, आणि राग नेमका कशाचा ते धड सांगताही येईना.

भाव कोसळल्यावरच्या पहिल्याच रविवारी मी धुळ्याला गेले. आबा दारात बसून स्टोव्ह साफ करत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

"हो, आबा. आठ तारखेपासून."

"रिक्षामा बसनूत तवय बी?"

"हो."

त्यांनी स्टोव्ह खाली ठेवला. म्हणाले, "इतला दिन एकलीच सोसत व्हती का, माय?"

आणि आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला. शिव्या दिल्या असत्या तर मी निमूट ऐकल्या असत्या, त्यासाठीच तर गेले होते. आबांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. काढायला हवा होता, मी निदान पोटभर रडले असते.