लागेल तेव्हाच

गोळी घशाखाली उतरण्याआधी माणसानं चार प्रश्नांची उत्तरं दिलीच पाहिजेत, हा सृष्टीचा नियम आहे असं मानणारी एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली: सौंसरच्या आमच्या वृद्धाश्रमातल्या नर्सबाई. ऐंशीच्या दशकात मी तिथं स्वयंपाकघर सांभाळत होते. रोजच्या गोळ्या बाई मुकाट्यानं वाटत. पण डॉक्टरांनी ‘लागेल तेव्हा’ म्हणून लिहिलेली गोळी कुणी मागितली, की उलटतपासणी सुरू. तिगावचे एक म्हातारबुवा गुडघ्यासाठी गोळी मागत. सहा वर्षांची ओळख, तरी बाई आधी त्यांना नाव विचारत! मग, "कुठं दुखून राहिलं? कधीपासून? मागची कधी घेतली?" बुवा करवादत, "बाई, एवढ्यात तर दुखणंच कंटाळून निघून जाते!" बाई हसून गोळी देत, वहीत वेळ लिहीत, आणि तासाभरानं भर पत्त्यांच्या डावात पुन्हा हजर: "उतरलं का जी?"

एका दुपारी आश्रम पाहायला पाहुणे यायचे होते, आणि रामाकोना गावच्या एक आजी सकाळपासून ओरडत होत्या. वयापायी त्यांचं भान हरपलेलं. काय होतंय ते सांगता येत नसे. व्यवस्थापक धावत आले. "बाई, हिची शांत करायची गोळी हाय ना? देऊन टाका. गाडी येऊन राहिली."

"चिठ्ठीत ‘फार घाबरल्यास’ लिवलं हाय साहेब. ‘पाहुणे आल्यास’ नाही लिवलं."

"मग उद्यापासून येऊ नका!"

बाई मात्र आजींजवळ बसल्या. कपाळ पाहिलं, पाय पाहिले, पोटावर हलकेच हात ठेवला. आजी किंचाळल्या. ओटीपोट दगडासारखं झालेलं.

"सकाळपासून लघवी झाली का हिले?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"डॉक्टरले बोलवा. आत्ता."

डॉक्टरांनी येऊन तुंबलेली लघवी काढायला नळी घातली. पाहुणे व्हरांड्यात ताटकळले, आणि आत आजी हळूहळू शांत झाल्या. डॉक्टर म्हणाले, "गोळी दिली असती तर झोपल्या असत्या, अन् आपल्याले कळलंही नसतं." दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळी कामावर आल्या. व्यवस्थापक खाली बघून कागद चाळत राहिले.

पाहुण्यांच्या त्या दुपारी आजींनी बाईंचा हात धरून "माय" अशी हाक मारली होती. बाईंनीही "हाव" म्हणून ओ दिली होती.

पुढे बाई भावाकडे पांढुर्ण्याला राहायला गेल्या. नंतर कितीतरी दिवस आजी दाराकडे तोंड करून बसत. कुणाची वाट पाहून राहिल्या, असं मी विचारलं, की माझ्याकडे बघून नुसत्या हसत.