आयुधपूजेच्या दिवशी बंद झालेलं यंत्र

परवा तू फोनवर हसत सांगितलंस, की नव्या फोनमधली कंपनीची प्रणाली, ती तुमची ऑपरेटिंग सिस्टीम, काढून तू कुणीतरी घरी बनवलेली प्रणाली त्यात घातलीस, आणि मधेच काहीतरी बिनसून फोन दगडासारखा पडून राहिला. तू हसलास म्हणून मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ उठवेना. तसं एकदा आपल्या बेंगळुरूच्या, जयनगरातल्या घरी झालं होतं. तेव्हा तुम्ही दोघं भावंडं जन्मला नव्हतात. तुमच्या बाबाला त्यातलं अर्धंच माहीत आहे, म्हणून नीट लिहून ठेवते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तुमच्या आजोबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. मानेतली एक शीर दुखावल्यामुळे उजवा हातही उचलेना, त्यामुळे पेन धरून लिहिणं संपलं. घरात आम्ही तिघंच होतो: ते, मी आणि त्यांच्या थोरल्या बहीण, ज्यांना मीही अक्काच म्हणायची. मला बोलवायचं असलं की ते डाव्या हाताने मांडीवर दोनदा थाप मारत. ती थाप ऐकली की मी जिथे असेन तिथून "आले हो" म्हणत यायची. त्यांच्यापाशी उरलेला शब्द तो एवढाच.

तुमच्या बाबाने अमेरिकेहून खिशात मावणारा एक संगणक पाठवला. राखाडी पडदा, त्यावर छोट्या काडीने टोचायची अक्षरं. डाव्या हाताला ते जमायचं. पण अक्षरं फक्त इंग्रजी. पहिल्या दिवशी त्यांनी पडदा माझ्यापुढे धरला: "Please bring some water." मी पाणी आणलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी प्लीज म्हटलं नव्हतं. "अगं, स्वल्प पाणी दे गं," हे त्यांचं बोलणं. त्यांचं घराणं तीनशे वर्षं कर्नाटकात, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड अशी मिसळलेली. लग्न होऊन बेळगावहून आले तेव्हा मी "थोडं"च्या जागी येणाऱ्या त्या "स्वल्प"ला हसायची. आता त्याच्यासाठी जीव तुटायचा.

मराठी इंग्रजी अक्षरांत लिहून पाहिलं त्यांनी, पण वाचून स्वतःच पुसून टाकलं. "Looks like a telegram," म्हणून खाली टोचलं.

मग कारखान्यातले त्यांचे एक जुने सोबती पुढे आले. विजापूरकडचे, मराठी-कन्नड दोन्ही बोलणारे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी इंटरनेटवर कुठूनतरी शोधून काढलं, की या यंत्राची मूळ प्रणाली पुसून त्या जागी आपली बदललेली प्रणाली भरता येते. अक्षरं मात्र आपणच काढायची, ठिपक्या-ठिपक्यांनी. कन्नड अक्षरं आजोबांच्या बोटांवर होती, पण त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून देवनागरी ठरवली. पोथी वाचण्यापुरतीच ती त्यांना येत होती, लिहायची सवय नव्हती. चौकटीच्या कागदावर ते ठिपके भरत बसायचे. त्यांचा "अ" किंचित डावीकडे कलायचा.

"वहिनी," अण्णा म्हणाले, "हे परत बडबडायला लागले की माझ्याकडे तक्रार आणू नका."

पहिल्या प्रणालीत जोडाक्षरं नव्हती. ती भरून झाल्यावर आजोबांनी पडदा माझ्यासमोर धरला: "थोडं पाणी दे."

"थोडं? हे कोण बोलतंय हो?" मी म्हटलं. ते खांदे हलवून हसले, आवाज नसलेलं हसू.

अक्का मागून वाकून बघत होत्या. "बरं" म्हणायचं तिथे त्यांच्या तोंडी कन्नडमधलं "सरी" यायचं. "सरी, बायकोशी बोलून झालं. मला हाक मार की रे."

आजोबांनी काडी उचलली आणि खाली ठेवली. "अक्का" लिहायला जोडाक्षर हवं. अण्णा म्हणाले, "पुढच्या खेपेला, अक्का. पहिली हाक तुम्हालाच."

त्यानंतर अक्का रोज विचारायच्या, "झाली का रे माझी हाक?" तोवर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आजार परत आला आहे. मी ते दोघांनाही सांगितलं नव्हतं, पण आजोबांना कळलं असावं. ते दिवसदिवस ठिपके भरायचे.

नवी प्रणाली तयार झाली ती आयुधपूजेच्या सकाळी. बेळगावला आमची खंडेनवमी असते, पण बेंगळुरूत या दिवशी रिक्षांना केळीचे खुंट बांधतात, चौकाचौकांत कुंकू घातलेले कोहळे फोडतात. घरातलं प्रत्येक यंत्र पुसून, बंद करून पूजेला बसतं. ते काम अक्कांचं. शिलाई मशीन, कात्री, मिक्सर, आजोबांची स्कूटर, कुणालाही त्या सोडायच्या नाहीत. चालू यंत्राला कुंकू लावायचं नाही, हा त्यांचा नेम.

अण्णांनी यंत्र सोबत आणलेल्या मोठ्या संगणकाला जोडलं, प्रणाली भरायला सुरुवात केली. वीज गेली तर घात होईल, म्हणून मधे बॅटरीचा डबाही जोडला होता. "याला हात लावू नका," असं आजोबांना सांगून ते आपल्या घरच्या पूजेला गेले. आजोबा समोर खुर्चीत राखण करत बसले.

मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. दोन थापा ऐकू आल्या. "आले हो," मी म्हटलं आणि हात धुवायला लागले. पुन्हा दोन थापा, मग पुन्हा, घाईघाईने. आणि अक्कांचा आवाज: "अगं, तो बोलावतोय बघ तुला!"

मी दारात पोचले तेव्हा अक्का एका हातात कुंकवाचा करंडा घेऊन वाकल्या होत्या. दुसरा हात बॅटरीच्या डब्याच्या बटणावर होता. "सरी, आज सगळ्यांना सुट्टी," असं त्या लाडाने पुटपुटल्या, आणि डब्याचा हिरवा दिवा विझला, त्याबरोबर संगणकही. आजोबा खुर्चीतून अर्धवट उठले होते. त्यांचं तोंड उघडं होतं.

अण्णा धावत आले. पुष्कळ खटपट केली. यंत्र पुन्हा उजळलं नाही. जुनी प्रणाली पुसली गेली होती, नवी अर्धी भरायची राहिली होती.

अक्कांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्या जमिनीवरच बसल्या. "मला वाटलं तिलाच बोलावतोयस. ओरडला का नाहीस रे?" तोंडून गेलं आणि त्यांनी पदर तोंडात कोंबला. आजोबांनी करंड्यात बोट बुडवलं, त्या मेलेल्या यंत्राला कुंकू लावलं आणि ते नेऊन कात्रीशेजारी पूजेत ठेवलं. मग डावा हात अक्कांच्या डोक्यावर ठेवून उभे राहिले.

तुमच्या बाबाने दुसरं यंत्र पाठवलं, पण ते पोचलं तेव्हा आजोबांचे दिवस घालून झाले होते. मधल्या काळात आमच्याकडे फक्त थाप होती. शेवटी ती मांडीवर नाही, माझ्या मनगटावर असायची.

अण्णांनी फ्लॉपीवर जपलेली प्रणाली नव्या यंत्रात भरली. सगळी अक्षरं आली, जोडाक्षरंसुद्धा. अण्णा यंत्र ठेवून निघून गेले. अक्कांनी काडी घेतली आणि एकेक अक्षर शोधत टोचलं. पडद्यावर "अक्का" उमटलं. "अ" डावीकडे कललेला होता.

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण हे मीच लिहिलं गं."

त्या आयुधपूजेपासून अक्का घरातला दिवासुद्धा विचारल्याशिवाय मालवत नसत. आताही त्यांनी विचारलं, "बंद करू का?"

"राहू दे, अक्का," मी म्हटलं.

काही वेळ टोचलं नाही की ते यंत्र आपोआप विझायचं. तोवर आम्ही दोघी त्याच्यासमोर बसून राहिलो.