वाचता न येणाऱ्याची पेटी

लोक माया पेटीत कागद ठेवून गेले अन् किस्से माया पदरात टाकून गेले. मी सांगून राह्यलो, सून लिहून राह्यली. काय लिहिते ते तिलेच ठाऊक!

राळेगावकडचं आमचं गाव. कोणाचं खरेदीखत, कोणाचं मृत्युपत्र, सारं माया पेटीत. शेजारच्या चंपतरावले मी एकदा विचारलं, "अगा, मायाचकडे काहून ठेवता सारे?"

"तुले वाचता येत नाही ना, म्हणून!"

वाळवी लागू नये म्हणून मी पेटीत तंबाखूची पानं टाकत होतो. तहसीलातला बाबू कागद उघडला की सटासट शिंकायचा. "हा त्या बुढ्याच्या पेटीतला दिसते!"

चंपतरावले दोन पोरं, दोन सुना. ज्या सुनेवर खूश, तिच्या नवऱ्याच्या नावानं नवं मृत्युपत्र. साक्षीदार मी! आंगठ्याची शाई वाळत नव्हती, तं दुसरं तयार. शेवटी मोठी सून ताट वाढता वाढता म्हणाली, "मामाजी, आज कागद कोणाच्या नावानं हाय? तिकडंच जेवा!"

चंपतरावनं दोघांच्या नावानं अर्धं-अर्धं केलं. अन् त्या दिवशी दोन्हीकडं जेवला.

पंप दुरुस्त करणारा रशीद मिस्त्री दर शुक्रवारी नमाज झाली की यायचा. "चाचा, घर का कागज निकालो जरा." कागदावर त्याच्या वडिलांचा आंगठा होता. त्याच्यावर आपला आंगठा हळूच ठेवायचा अन् कागद परत द्यायचा.

"काय पाह्यतं रे दर शुक्रवारी?"

"कुछ नहीं चाचा. अब्बा से मिल लिया."

अन् कापसाले भाव नव्हता, बोंडअळीनं बोंडं पोखरली, त्या वर्सातली ही गोष्ट. पार्वती पदराखाली खरेदीखत घेऊन आली. तिच्या नवऱ्याच्या, माणिकच्या डोक्यात भरलं होतं, वावर इकून यवतमाळले ऑटो चालवायचा.

"काकाजी, त्याचं डोकं तापलं हाय. मागाले आला तं देऊ नका."

दुसऱ्याच सकाळी माणिक हजर. "मायं खरेदीखत तुमच्यापाशी हाय का? गिऱ्हाईक घरी येऊन बसलं."

माया तोंडून खोटं निघेना. "मले वाचता येत नाही, बापा. तूच पाह्य." पेटी त्याच्यापुढं सरकवली.

वरच एक पुडकं होतं. पार्वतीनं लग्नातल्या लुगड्याचा काठ फाडून त्यात कागद बांधला होता. माणिकनं गाठ सोडली. कागद पाहिला. काठ पाहिला. मग काठ नीट सरळ केला, पुन्हा गाठ मारली अन् पुडकं पेटीच्या पार तळाशी ठेवलं.

दारात चपला घालता घालता म्हणाला, "नाही सापडला, काकाजी. अन् तिले सांगू नका, मी आलतो म्हणून."